एमआर व्हेनोग्राफीत शीर अरुंद दिसली, म्हणजे मेंदूतून रक्त परत जाण्यात अडथळा आहे असे समजावे काय?

तळटीप

सर्वांना नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीच्या तपासण्यांवरून आम्हा घरच्यांचा बराच गोंधळ उडाला आहे. या विषयातील जाणकार येथे आहेत हे ठाऊक असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ताईचे वय चौतीस आहे. गेल्या काही आठवड्यांपासून तिचे डोके दुखते. आडवे झाल्यावर आणि पहाटे ते अधिक दुखते, खाली वाकून उठताना काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते आणि उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घुमल्यासारखा आवाज येत राहतो. सुरुवातीला साधे सीटी स्कॅन झाले, ते नॉर्मल आले. त्यानंतर न्यूरोलॉजिस्टांनी मेंदूचा एमआरआय आणि कॉन्ट्रास्टशिवाय (शिरा उठून दिसण्यासाठीचे औषध न टोचता) एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्राने मेंदूतील शिरांचे चित्र घेण्याची तपासणी, करायला सांगितली. तिच्या रिपोर्टात असे लिहिले आहे की डाव्या ट्रान्सव्हर्स सायनसचा (मेंदूतील रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरेचा) मधला भाग दिसत नाही, उजवा ट्रान्सव्हर्स सायनस सिग्मॉइड सायनसला मिळतो तेथे अरुंद आहे, पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी चपटी झाली आहे, आणि डाव्या बाजूला गुठळी आहे की ती बाजू जन्मतःच बारीक आहे हे ठरवण्यासाठी कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा तपासणी करावी.

एका डॉक्टरांनी हा रिपोर्ट पाहून "डावी बाजू पुष्कळांची अशीच असते" असे सांगितले, तर दुसऱ्यांनी वेळ न घालवता पुढील तपासण्या करून घ्यायला सांगितल्या. सीटी नॉर्मल असताना व्हेनोग्राफीत दोष दिसतो, हे कसे? जो भाग दिसत नाही तो खरोखरच बंद असतो काय? आणि शिरांचे चित्र बाजूला ठेवले, तर रक्त तुंबल्याच्या काही खुणा प्रत्यक्ष मेंदूत दिसतात काय? उपचार डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याशी बोलताना आम्हाला काय विचारायचे ते कळावे, एवढाच हेतू आहे.

छायावाचक

मी क्ष-किरणशास्त्र विभागात काम करतो आणि माझा बराचसा वेळ मेंदूचे एमआरआय वाचण्यातच जातो. रुग्णाला न पाहता आणि चित्रे हातात नसताना निदान करणे योग्य नाही, म्हणून जे लिहितो ते या तपासण्या काय दाखवतात आणि काय दाखवू शकत नाहीत एवढ्यापुरतेच आहे.

प्रौढ माणसाच्या मेंदूत मिनिटाला साधारण ७०० ते ७५० मिलिलिटर रक्त येते आणि कवटी ताणली जात नसल्यामुळे तितकेच रक्त सतत बाहेर पडावे लागते. अलेक्झांडर मनरो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेले तत्त्व हेच सांगते की कवटीच्या आत मेंदू, रक्त आणि मस्तिष्क-मेरुद्रव (मेंदू व मेरुरज्जूभोवतीचा द्रव) यांची मिळून जागा ठरलेली असते व एकाचे आकारमान वाढले तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. बाहेर जाणारे रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरील व आतील शिरांमधून सायनसांत येते. डोक्याच्या मध्यरेषेवरचा सुपीरियर सॅजिटल सायनस आणि खोल भागातून येणारा स्ट्रेट सायनस मागच्या बाजूला एकत्र येतात आणि तेथून दोन्हीकडचे ट्रान्सव्हर्स सायनस, मग सिग्मॉइड सायनस आणि शेवटी मानेतील जुग्युलर शिरा असा मार्ग आहे. हे दोन फाटे सारखे असतातच असे नाही. बहुसंख्य लोकांत उजवा मोठा असतो, आणि डावा अगदी बारीक असला तरी निरोगी माणसाला त्याचा काहीही त्रास होत नाही.

आता "दिसत नाही" याविषयी. कॉन्ट्रास्टशिवाय जी व्हेनोग्राफी सर्रास केली जाते तिला टाइम ऑफ फ्लाइट म्हणतात. त्यात शिरेची पोकळी दिसत नाही, वाहणारे रक्त दिसते. यंत्र एका पातळ पट्ट्यातील पेशीजालाला वारंवार रेडिओस्पंदने देऊन त्याचा संकेत मंद करून टाकते. त्या पट्ट्यात बाहेरून नवे रक्त आले की त्याला ती स्पंदने मिळालेली नसल्यामुळे ते उजळ दिसते. रक्त फार सावकाश वाहत असेल, किंवा पट्ट्याला छेदून न जाता पट्ट्याच्याच दिशेने वाहत असेल, तर तेही मंद होते आणि चित्रात तेथे खंड पडतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एमआरआय नॉर्मल असलेल्या १०० जणांच्या व्हेनोग्राफी पाहिल्या, तेव्हा ३१ जणांच्या ट्रान्सव्हर्स सायनसमध्ये असे खंड आढळले. ते बहुतेक सर्व लहान बाजूला होते, मोठ्या बाजूला एकही नव्हता. त्यामुळे ताईंच्या रिपोर्टातील डाव्या बाजूचे वाक्य एकटे घेतले तर त्याला फारसे वजन नाही. उजव्या, म्हणजे बहुधा मोठ्या बाजूचे अरुंदपण आणि चपटी पीयूषिका ग्रंथी यांच्याकडे मात्र मी अधिक लक्ष देईन.

जन्मतः बारीक सायनस आणि गुठळीने बंद झालेला सायनस यांत फरक करायला एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते, आणि ती तुमच्याकडे आधीपासूनच आहे. पहिल्या सीटीत हाडे स्पष्ट दिसतील अशा छटांत कवटीच्या आतील पृष्ठभागावरची सिग्मॉइड सायनसची खाच आणि तळाशी असलेले जुग्युलर छिद्र पाहावे. सायनस मुळातच बारीक असेल तर ही खाच उथळ आणि छिद्र लहान असते, कारण हाडाची घडण सायनसच्या मापानेच झालेली असते. खाच चांगली खोल व छिद्र मोठे असून आत प्रवाह दिसत नसेल, तर तेथे पूर्वी मोठी शीर होती आणि आता काहीतरी बिघडले आहे असा संशय घ्यावा लागतो. हे पाहायला नवी तपासणी करावी लागत नाही, पण रिपोर्ट लिहिण्याच्या घाईत जुने सीटी पुन्हा उघडले जातेच असे नाही.

सीटी नॉर्मल का आले, याचे उत्तर असे की साध्या सीटीत ताजी गुठळी पांढरट, दाट दिसू शकते, पण ती थेट दिसण्याचे प्रमाण साधारण एकतृतीयांशच आहे. रक्त घट्ट असलेल्या किंवा शरीरातील पाणी कमी झालेल्या रुग्णात गुठळी नसतानाही सायनस दाट दिसतो. म्हणून शिरांतील गुठळीचा संशय असताना नॉर्मल सीटीवर थांबता येत नाही. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी व्हेनोग्राफी केली तर सायनसची पोकळी भरलेली दिसते, आणि गुठळी असलेल्या सुपीरियर सॅजिटल सायनसच्या आडव्या छेदात कडा उजळ व मध्यभाग काळा असा रिकामा त्रिकोण दिसतो.

एमआरआयमध्ये गुठळीचा रंग तिच्या वयानुसार बदलतो आणि चकवा तेथेच बसतो. टी-१ आणि टी-२ हे एमआरआय चित्रांचे दोन नेहमीचे प्रकार आहेत. पहिल्या पाचेक दिवसांत ती टी-१ चित्रात मेंदूसारखीच करडी आणि टी-२ चित्रात काळी दिसते. वाहते रक्तही टी-२ मध्ये काळेच दिसत असल्यामुळे सायनस अगदी निरोगी वाटतो. त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत ती दोन्ही चित्रांत उजळते, आणि या काळात टाइम ऑफ फ्लाइटमध्येही ती उजळ दिसून प्रवाह असल्याचा भास करून देऊ शकते. म्हणूनच शिरांचे फिरवून पाहायचे चित्र एकटे वाचू नये, मूळ छेद आणि नेहमीची टी-१, टी-२ चित्रे शेजारी ठेवून वाचावे. आणखी एक नेहमीचा चकवा अरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशनचा आहे. ट्रान्सव्हर्स सायनसच्या बाहेरच्या भागात ही द्रव शोषणारी रचना गोल, गुळगुळीत कडांची पोकळी म्हणून दिसते. तिचा संकेत मस्तिष्क-मेरुद्रवासारखा असतो आणि ती गुठळीसारखी सायनसभर लांब पसरत नाही.

सावरलेली

छायावाचक यांचे विवेचन पटले, तरी "डावी बाजू पुष्कळांची अशीच असते" या वाक्याबद्दल एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. बाळंतपणानंतर काही दिवसांत माझे डोके असह्य दुखू लागले. साधे सीटी नॉर्मल आले, मायग्रेन म्हणून गोळ्या मिळाल्या आणि मला घरी पाठवले गेले. पुढे फिटचा झटका आला तेव्हा व्हेनोग्राफी झाली आणि सुपीरियर सॅजिटल सायनसमधील गुठळी डाव्या ट्रान्सव्हर्स सायनसपर्यंत पोचलेली निघाली. आधीच्या भेटीत मी बाळंतीण असल्याचे सांगूनही ते चिठ्ठीवर लिहिलेच गेले नव्हते, म्हणजे रेडिओलॉजिस्टांना ते कळण्याचा मार्गच नव्हता. तेव्हा तळटीपताई, तुमच्या बहिणीने गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या असतील, नुकतेच बाळंतपण झाले असेल, घरात कुणाला पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर ते तपासणीच्या विनंतीपत्रावर लिहून जाईल एवढे पाहा.

छायावाचक

सावरलेली यांनी लिहिले ते योग्यच आहे आणि माझ्या विधानाला त्याची मर्यादा घातली पाहिजे. डाव्या बाजूचा खंड निरुपद्रवी मानायचा तो इतर चित्रांत काहीही संशयास्पद नसताना आणि रुग्णाला गुठळीचा धोका वाढवणारे कारण नसताना. शिरांतील गुठळी एकूण पक्षाघातांच्या अर्धा ते एक टक्का एवढीच असली, तरी ती तरुण वयात, आणि स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण तिप्पट आढळते. ताईंच्या वयाच्या रुग्णात ती नाही हे कॉन्ट्रास्ट तपासणीने सिद्ध करून घेणे हेच शहाणपणाचे आहे.

चुंबककक्ष

मी एमआरआय यंत्रावर तंत्रज्ञ आहे. वरील विवेचनात चित्र घेण्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

टाइम ऑफ फ्लाइटमध्ये धमन्यांचे रक्त उजळू नये म्हणून मानेच्या बाजूला रेडिओस्पंदनांचा एक पट्टा लावून तेथून वर येणाऱ्या रक्ताचा संकेत आधीच पुसला जातो. मानेतील शिरेतून रक्त उलट, वरच्या दिशेने येत असेल तर तेही याच पट्ट्यात पुसले जाते आणि ती शीर बंद वाटते. याच्या नेमका उलटा प्रकार धमन्यांच्या तपासणीत घडतो. काही वयस्क रुग्णांत छातीत डावी ब्रेकिओसेफॅलिक शीर पुढचे हाड आणि मागच्या मोठ्या धमन्या यांच्यामध्ये दाबली जाते, पाठीवर निजल्यावर रक्त डाव्या जुग्युलर शिरेतून वर चढते, आणि धमन्यांच्या चित्रात डावा सिग्मॉइड सायनस उजळून निघतो. ते पाहून धमनी आणि शीर यांच्यात थेट जोड झाल्याची शंका घेतली जाते. हातावर डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर यांची थेट जोड) केलेल्या आणि छातीतील शीर अरुंद झालेल्या रुग्णांतही असेच होऊ शकते. अशा वेळी मेंदूत दिसणाऱ्या खुणेचे कारण छातीत असते, आणि विनंतीपत्रावर फिस्टुलाचा उल्लेख नसेल तर ते शोधून काढणे जिकिरीचे होते.

फेज कॉन्ट्रास्ट या दुसऱ्या पद्धतीत किती वेगाचा प्रवाह मोजायचा तो आकडा आधी यंत्राला द्यावा लागतो. शिरांसाठी तो धमन्यांपेक्षा बराच कमी ठेवावा लागतो, नाहीतर सावकाश वाहणाऱ्या शिरा चित्रातून नाहीशा होतात. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट देऊन केलेली व्हेनोग्राफी या दोन्हींपेक्षा भरवशाची असते, कारण ती प्रवाहापेक्षा पोकळीवर अवलंबून असते. गरोदर रुग्णांत मात्र गॅडोलिनियम शक्यतो टाळले जाते, त्यामुळे तेथे प्रवाहावर आधारित पद्धतींवरच भिस्त ठेवावी लागते.

तपासणीच्या वेळी मान एका बाजूला वळलेली असणे किंवा रुग्णाने श्वास रोखून धरणे यामुळेही मानेतील शिरांचा आकार बदलतो. शिवाय सर्व चित्रे पाठीवर निजवून घेतलेली असतात. आडवे असताना मेंदूतील रक्त मुख्यतः जुग्युलर शिरांतून जाते, पण उभे राहिल्यावर त्या जवळजवळ मिटतात आणि मणक्यांभोवतीच्या शिरांचे जाळे ते काम उचलते. दुसरे मत घ्यायला जाल तेव्हा छापील फिल्म पुरेशी नसते. सर्व मूळ छेद असलेली डिस्क आणि पहिल्या सीटीची डिस्क अशा दोन्ही सोबत न्या.

तळटीप

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या काळात कॉन्ट्रास्टसह एमआर व्हेनोग्राफी झाली. गुठळी नाही असे स्पष्ट लिहून आले आहे. डावा ट्रान्सव्हर्स सायनस बारीक पण उघडा आहे, आणि दोन्ही बाजूंना बाहेरच्या टोकाशी अरुंदपण आहे. सीटीत डाव्या बाजूची खाच उथळ असल्याचेही आम्ही आवर्जून विचारून घेतले. नेत्रतज्ज्ञांनी तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या मागच्या नसेच्या मुखाशी सूज आढळली. आता न्यूरोलॉजिस्ट म्हणतात की पाठीतून द्रव काढून दाब मोजावा लागेल, आणि शिरा अरुंद झाल्यामुळे दाब वाढला की दाब वाढल्यामुळे शिरा दाबल्या गेल्या हे चित्रावरून सांगता येत नाही. हे आम्हाला नीट उमगले नाही. अडथळा दिसतो आहे, मग तोच कारण नव्हे काय?

चेतातंतू

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितले ते अगदी बरोबर आहे. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांचा, डोळ्यांतील सुजेचा आणि चित्रांतील खुणांचा रोख कवटीतील दाब वाढण्याच्या ज्या विकाराकडे आहे त्यास इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन म्हणतात. गाठ, गुठळी आणि मेंदूत पाणी साचणे ही कारणे वगळल्यावरच हे नाव देता येते, म्हणून व्हेनोग्राफीशिवाय हे निदान पुरे होत नाही. एमआरआयमध्ये याच्या खुणा शिरांबाहेरही दिसतात. पीयूषिका ग्रंथी चपटी होते, डोळ्याच्या गोलाचा मागचा पृष्ठभाग सपाट होतो आणि दृष्टीच्या नसेभोवतीचे आवरण द्रवाने फुगलेले दिसते.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉन्ट्रास्ट व्हेनोग्राफीची खास पद्धत वापरून असे रुग्ण आणि इतर व्यक्ती यांची तुलना केली गेली. २९ पैकी २७ रुग्णांत दोन्ही बाजूंना लक्षणीय अरुंदपण आढळले, तर इतर ५९ जणांपैकी फक्त चौघांत. म्हणजे खूण म्हणून तिचे मोल मोठे आहे. कारण म्हणून मात्र ती तितकी निर्विवाद नाही. ट्रान्सव्हर्स सायनसची भिंत काही रुग्णांत इतकी मऊ असते की बाहेरचा द्रवाचा दाब वाढला की ती आत दबते. दबलेल्या जागेमागे शिरेतील दाब वाढतो, त्यामुळे द्रव रक्तात शोषला जाणे आणखी मंदावते, आणि द्रवाचा दाब पुन्हा वाढतो. शिरेत कॅथेटर (बारीक नळी) ठेवून दाब मोजत असतानाच द्रव काढला, तर काही रुग्णांत अरुंद जागेच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक तिथल्या तिथे नाहीसा होतो. काही आठवड्यांनी पुन्हा व्हेनोग्राफी केली तर ती जागा मोकळी झालेलीही दिसते. इतर काही रुग्णांत सायनसच्या आत पडदा किंवा मोठे अरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन असते आणि दाब उतरला तरी अरुंदपण तसेच राहते. एका वेळच्या चित्रात हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. शिरांचा आणि द्रवाचा हा संबंध फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १९१६ मध्ये क्वेकनस्टेट यांनी मानेतील जुग्युलर शिरा दाबल्या की पाठीतील द्रवाचा दाब चढतो हे दाखवले होते आणि त्यावर तपासणीची एक पद्धतच बेतली होती. मेरुरज्जूभोवतीचा अडथळा ओळखायला ती एमआरआय येण्यापूर्वी सर्रास वापरली जाई.

द्रवाचा दाब कुशीवर निजवून, पाय सैल सोडायला सांगून मोजतात. प्रौढांत तो पाण्याच्या २५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर वाढलेला समजतात. कॅथेटरने शिरेतील दाब मोजणे ही पहिल्या पायरीवरची तपासणी नाही. ती साधारणपणे स्टेंटचा (शीर उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचा) विचार सुरू होतो तेव्हा करतात, आणि अरुंद जागेच्या दोन बाजूंत ८ मिलिमीटर पाऱ्याएवढा किंवा त्याहून अधिक फरक असेल तर स्टेंटचा विचार केला जातो. रुग्ण जागा असताना आणि पूर्ण भूल दिलेली असताना हे आकडे बदलतात, म्हणून मोजमाप कोणत्या स्थितीत झाले हे रिपोर्टात लिहिलेले असावे. बहुतेक रुग्णांना वजन कमी करणे आणि अॅसेटाझोलामाइड हे द्रव तयार होणे कमी करणारे औषध यांचा उपयोग होतो. दृष्टी झपाट्याने जात असेल तर मात्र वाट पाहता येत नाही, तेव्हा दृष्टिक्षेत्राची तपासणी ठरल्या वेळी चुकवू नका.

तुमच्या पहिल्या पत्रातील प्रश्न, मेंदूत काय दिसते, तो राहूनच गेला होता. रक्ताचा मार्ग खरोखर अडला आणि पर्यायी शिरा अपुऱ्या पडल्या की आधी शिरा फुगतात, मग रक्तातील पाणी मेंदूच्या ऊतींत झिरपते आणि पुढे लहान शिरा फुटून रक्तस्राव होतो. ही सूज एखाद्या धमनीच्या क्षेत्राच्या सीमा पाळत नाही. सुपीरियर सॅजिटल सायनसच्या गुठळीत ती दोन्ही बाजूंना, मध्यरेषेजवळ असते. मेंदूच्या पृष्ठभागाच्या लगेच खाली काजूच्या आकाराचे छोटे रक्तस्राव दिसले तर या गुठळीचा विचार लगेच मनात यावा. खोल शिरा बंद झाल्या तर दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेले भाग) सुजतात. डिफ्यूजन चित्रात (ऊतींतील पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या) धमनीच्या पक्षाघातापेक्षा येथे मिश्र स्वरूप आढळते, आणि पुष्कळसा भाग मेलेला नसून सुजलेला असल्यामुळे उपचारांनंतर तो पूर्ववत होऊ शकतो. एमआरआय भयंकर दिसत असतानाही अनेक रुग्ण चांगले बरे होतात त्याचे हे एक कारण आहे, आणि रक्तस्राव दिसत असतानाही गुठळीसाठी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देण्यामागेही हाच विचार आहे, कारण तो रक्तस्राव तुंबलेल्या रक्तामुळे झालेला असतो. तुमच्या बहिणीच्या रिपोर्टात मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही, याला दिसते त्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

संदिग्ध

मी एमआरआयच्या भौतिकशास्त्रावर काम करतो, रुग्ण पाहत नाही. चेतातंतू यांनी मेंदूतील खुणांविषयी लिहिले, त्यात मोजमापाच्या अंगाने थोडी भर घालतो.

शिरांतील रक्त तुंबल्याचे सर्वांत संवेदनशील चित्र एसडब्ल्यूआय (ससेप्टिबिलिटी वेटेड इमेजिंग) या एमआरआय पद्धतीत मिळते. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकक्षेत्र किंचित विस्कटते आणि तेथे संकेत काळा पडतो. रक्त सावकाश वाहू लागले की मेंदू त्यातून अधिक ऑक्सिजन काढून घेतो, त्यामुळे एरवी केसासारख्या बारीक दिसणाऱ्या खोल शिरा जाड, काळ्या आणि संख्येने अधिक दिसू लागतात. मेंदूच्या पृष्ठभागावरची एखादी छोटी शीर गुठळीने बंद झाली तर ती व्हेनोग्राफीत सहसा निसटते, पण एसडब्ल्यूआयमध्ये काळ्या दोरीसारखी उठून दिसते. कवटीच्या तळाशी, कानामागील हाडातील हवेजवळ मात्र हीच पद्धत बिघडते. म्हणजे ट्रान्सव्हर्स आणि सिग्मॉइड सायनससाठी, जेथे ताईंचा प्रश्न आहे तेथेच, तिच्यावर विसंबता येत नाही.

दुसरी पद्धत आर्टेरियल स्पिन लेबलिंगची. तिच्यात मानेतील धमन्यांच्या रक्तावर चुंबकीय खूण केली जाते आणि ती एक-दोन सेकंदांत विरते. केशवाहिन्यांमधून जाऊन शिरेत पोचेपर्यंत खूण उरत नाही, म्हणून निरोगी माणसाचा सायनस या चित्रात काळाच असतो. तो उजळला तर रक्त केशवाहिन्या टाळून धमनीतून थेट शिरेत शिरते आहे, म्हणजे बहुधा ड्यूरल (मेंदूच्या आवरणातील) फिस्टुला आहे, असे समजतात. कानात घुमणारा आवाज असलेल्या रुग्णात हे पाहणे मला फार मोलाचे वाटते, कारण फिस्टुला साध्या एमआरआयमध्ये अगदी लपून राहू शकतो. १९९५ मध्ये आलेली बॉर्डन आणि कॉग्नार्ड यांची वर्गीकरणे फिस्टुलाचा धोका ठरवताना मुख्यतः हेच पाहतात की रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरांत उलटे शिरते आहे की नाही. उलटे शिरत असेल तर रक्तस्रावाचा धोका असतो आणि काही रुग्णांत स्मृती व वागणूक इतकी बदलते की डिमेन्शिया वाटतो; तो उपचारांनी सुधारू शकतो.

फंक्शनल एमआरआयबाबतही सावध असावे. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये ज्या परिणामाचा उपयोग दाखवून दिला त्यात मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तेथे गरजेहून जास्त ताजे रक्त येते, शिरांतील ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन विरळ होते आणि संकेत किंचित वाढतो. शिरा आधीच फुगलेल्या आणि रक्त आधीच तुंबलेले असेल तर ही वाढ उशिरा येते किंवा दिसतच नाही, जरी तो भाग उत्तम काम करत असला तरी. शस्त्रक्रियेपूर्वी बोलण्याचे केंद्र कोठे आहे ते पाहण्यासाठी ही तपासणी केली आणि फिस्टुलाच्या बाजूला काही उजळले नाही, तर तेथे केंद्र नाही असा अर्थ काढणे धोक्याचे ठरते.

आणि अरुंद शिरांविषयी एक इतिहास येथे सांगितला पाहिजे. २००९ मध्ये इटलीतील पाओलो झांबोनी यांनी असे मांडले की मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मेरुरज्जूच्या आजाराच्या रुग्णांत मानेतील व छातीतील शिरा अरुंद असतात आणि तेथून रक्त तुंबल्यामुळे तो आजार होतो. जगभर हजारो रुग्णांनी शिरेत फुगा फुगवून घेतला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रक्रियेतील धोक्यांबद्दल इशारा दिला. पुढे कॅनडातील एका अभ्यासात कॅथेटर व्हेनोग्राफी केली गेली, तेव्हा शीर निम्म्याहून अधिक अरुंद असण्याचे प्रमाण रुग्णांत ७४ टक्के, त्यांच्या निरोगी भावंडांत ६६ टक्के आणि नाते नसलेल्या निरोगी लोकांत ७० टक्के निघाले. झांबोनी यांच्याच गटाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही फुग्याचा उपयोग दिसला नाही. मानेतील शीर चित्रात निम्मी अरुंद असणे हे बहुसंख्य माणसांत आढळत असेल, तर ते पाहून आजाराचे कारण सापडले असे म्हणायला आणखी पुरावा लागतो. दाबाचा फरक, उलटा प्रवाह, पर्यायी शिरांचे जाळे किंवा मेंदूतील सूज यांपैकी काहीतरी.

तळटीप

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल कृतज्ञ आहे. दाब मोजला, तो ३४ सेंटिमीटर निघाला. द्रव काढल्यावर त्याच दिवशी कानातील आवाज बराच कमी झाला, असे ताई सांगते. गोळ्या सुरू झाल्या आहेत. उपचार लागू पडतात की नाही ते पाहण्यासाठी व्हेनोग्राफी ठरावीक काळाने पुन्हा करून घ्यावी काय? आणि पुढे कधी स्टेंट बसवावा लागला तर एमआरआय करता येतो काय?

चेतातंतू

उपचारांचा परिणाम डोळ्यांवरून पाहिला जातो. नसेच्या मुखाची सूज उतरते आहे काय आणि दृष्टिक्षेत्र टिकून आहे काय, हे दोन प्रश्न प्रत्येक भेटीत विचारायचे. लक्षणे सुधारत असताना केवळ सायनस किती उघडला ते पाहण्यासाठी पुन्हा व्हेनोग्राफी करण्याची सहसा गरज नसते, कारण अरुंदपण तसेच राहूनही रुग्ण पूर्ण बरे झालेले पाहायला मिळतात. गुठळीच्या रुग्णांचा हिशोब वेगळा आहे. त्यांत साधारण तीन ते सहा महिन्यांनी सायनस कितपत उघडला ते पाहतात. ताईंची डोकेदुखी एकाएकी वेगळ्या प्रकारची झाली, झटका आला, एका बाजूची शक्ती कमी झाली किंवा दृष्टी घटू लागली, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

छायावाचक

स्टेंटसंबंधी उत्तर देतो. सध्या वापरले जाणारे बहुतेक स्टेंट ठरलेल्या अटींवर एमआरआयसाठी सुरक्षित मानले जातात, पण बसवलेल्या स्टेंटचे नाव व प्रकार असलेले कार्ड प्रत्येक तपासणीपूर्वी दाखवावे लागते. त्यातील धातूमुळे स्टेंटच्या आतील भाग एमआर व्हेनोग्राफीत काळा पडतो आणि तो बंद झाल्यासारखा वाटू शकतो. त्यामुळे स्टेंट उघडा आहे काय एवढेच पाहायचे असेल तर सीटी व्हेनोग्राफी मागावी, आणि विनंतीपत्रावर स्टेंट कोणत्या बाजूला आहे ते लिहून घ्यावे.